हाक कोणत्या मजल्यावर तुटते? विषाणूचं एन्झाइम पेशीचा इशारा दाबतं का, हे तपासायची रीत

परळच्या एका संशोधन संस्थेत मी २२ वर्षं पेशीसंवर्धनाची खोली सांभाळते आहे. दर जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या आगेमागे, एमएस्सीच्या प्रबंधासाठी दोन-तीन मुलंमुली येतात. कुणी कल्याणहून लोकलने, कुणी सांगलीहून, कुणी रत्नागिरीहून येऊन करी रोडला मावशीकडे राहणारी. पहिल्याच आठवड्यात प्रश्न येतो, "ताई, माझ्या विषाणूचं हे एन्झाइम इंटरफेरॉन दाबतं का, ते बघायचंय. कसं बघू?" इंटरफेरॉन म्हणजे विषाणू शिरल्यावर पेशी इशारा म्हणून बाहेर सोडते ते प्रथिन. दरवर्षी मी हूडसमोर, म्हणजे जंतुविरहित कामाच्या पेटीसमोर, उभ्याउभ्या सांगते. यंदा लिहून देते आहे. तोंडी सांगताना निम्मं राहून जातं, आणि जे राहतं तेच पुढे नडतं.

आधी कशाचा शोध घ्यायचा आहे ते नीट डोळ्यांसमोर आणा. माझं लहानपण लालबागच्या चाळीत गेलं. पहाटे साडेचारला नळाला पाणी यायचं. तळमजल्यावरच्या आजी जाग्या असायच्या. त्या जिन्यातून वर हाक द्यायच्या, "पाणी आलं गं!" पहिल्या मजल्यावरच्या काकू ती हाक दुसऱ्यावर पोचवायच्या, दुसऱ्यावरच्या मामी तिसऱ्यावर आम्हाला. एकदा मामी गावाला गेल्या आणि आमचा आख्खा मजला दिवसभर कोरडा राहिला. नळ ठीक होता, आजींनी हाकही दिली होती. ती मधल्या मजल्यावर तुटली.

पेशीत असंच चालतं. विषाणूचा आरएनए आत आला की रिग-आय किंवा एमडीए५ ही प्रथिनं त्याला ओळखतात. ती मायटोकाँड्रियावर बसलेल्या मॅव्ह्सला उठवतात. मॅव्ह्स पुढे टीबीके१ला, टीबीके१ आयआरएफ३वर फॉस्फेट चढवतं, आणि आयआरएफ३ केंद्रकात जाऊन इंटरफेरॉन-बीटाचं जनुक चालू करतं. पेशीद्रवात डीएनए सापडला तर जिना वेगळा असतो. सीगॅस नावाचं प्रथिन सीगॅम्प हा छोटा रेणू बनवतं, तो स्टिंगला चिकटतो, आणि स्टिंगही शेवटी टीबीके१कडेच येतं. दोन जिने, पण वरचा मजला एकच. तिथून इंटरफेरॉन बाहेर पडून शेजारच्या पेशींना सावध करतं आणि त्यांच्यात शेकडो जनुकं जागी होतात. १९५७ साली लंडनच्या मिल हिलमधल्या संस्थेत आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी हे द्रव्य ओळखलं, तेव्हा या जिन्यांची काहीच कल्पना कुणाला नव्हती. मॅव्ह्स तर २००५ मध्ये चार गटांनी जवळपास एकाच वेळी शोधलं आणि चार नावं दिली: मॅव्ह्स, आयपीएस-१, व्हिसा, कार्डिफ. जुने निबंध वाचताना हे लक्षात ठेवा, नाहीतर एकाच प्रथिनाला तुम्ही चार समजाल.

विषाणू ही हाक अनेक तऱ्हांनी दाबतात. कुणाचं प्रथिन नुसतंच जाऊन चिकटतं आणि वाट अडवतं. पण एन्झाइमची गोष्ट निराळी. चिकटणारं प्रथिन एकाला धरून बसलं की तिथेच संपलं. कात्री मात्र एकाला कापून लगेच दुसऱ्याकडे वळते, त्यामुळे थोड्याशा एन्झाइमने भरपूर नुकसान होतं. शिवाय ही कात्री विषाणूला स्वतःसाठीही लागते. हिपॅटायटिस सीचं एनएस३/४ए हे प्रोटीएज, म्हणजे प्रथिनं कापणारं एन्झाइम, विषाणूची लांबलचक प्रथिनसाखळी कापून त्याचे सुटे भाग बनवतं, आणि त्याच पात्याने आपलं मॅव्ह्स कापतं. म्हणूनच या एन्झाइमला अडवणाऱ्या रेणूने पेशीत आयआरएफ३चं काम पुन्हा सुरू होतं, हे २००३ सालीच, मॅव्ह्सचं नाव कुणाला माहीत नसताना, दिसून आलं होतं. टेलाप्रेव्हिर आणि बोसेप्रेव्हिर ही याच प्रोटीएजवरची औषधं २०११ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली.

आता मी ज्यासाठी हे सगळं लिहिते आहे ते. इंटरफेरॉन कमी झालं हे दाखवणं सोपं आहे. ते एन्झाइमच्या कापण्याने कमी झालं, की ते प्रथिन पेशीत कोंबलं गेल्यामुळे, पेशी आजारी पडल्यामुळे, किंवा ते नुसतं कुणाला तरी धरून बसल्यामुळे, हे वेगळं काढणं अवघड आहे. त्यासाठी एकच भरवशाचा साक्षीदार आहे: तेच एन्झाइम, पण पात्याची धार काढलेलं. डेंग्यूच्या एनएस२बी३ या प्रोटीएजमध्ये १३५ क्रमांकाचं सेरीन हे अमिनो आम्ल बदलून तिथे ॲलनिन घालायचं, एस१३५ए. हिपॅटायटिस सीच्या एनएस३ साठी एस१३९ए. कोविडच्या सार्स-कोव्ह-२ विषाणूच्या पीएलप्रो या प्रोटीएजसाठी १११ क्रमांकाचं सिस्टीन. बाकी प्रथिन अक्षरन् अक्षर तेच. धारवालं एन्झाइम हाक दाबतं आणि बोथट दाबत नाही, तरच "एन्झाइमने केलं" म्हणायचं. हा बदललेला प्रकार, म्हणजे म्युटंट, हातात नसेल तर प्रयोग सुरूच करू नका, असं मी मुलांना सांगते, आणि त्यावर मी अडून बसते.

परवानगीचं आधीच सांगते. इथे आपण अख्खा विषाणू वापरत नाही, त्याचं एकच जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे पेशीत शिरवायच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर, घालतो. तरीही संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडून लेखी मंजुरी घ्यायची आणि काम बीएसएल-२ या जैवसुरक्षा पातळीच्या हूडमध्येच करायचं. अर्ज जुलैत द्या. समितीची बैठक तुमच्या वेळापत्रकाप्रमाणे होत नसते.

पेशी निवडताना घाई करू नका. सगळे एचईके२९३टी या मानवी पेशी घेतात, कारण त्यांत प्लाझ्मिड सहज शिरतं आणि रिग-आयपासून आयआरएफ३पर्यंतचा जिना शाबूत आहे. पण दुसरा जिना, सीगॅस आणि स्टिंगचा, त्यांत जवळजवळ नाहीच. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी याच पेशींना सीगॅम्प देऊन उजेडाची वाट बघत सहा आठवडे घालवले. अभिकर्मक बदलले, नवी बॅच मागवली, रीडर दुरुस्त करवला. पेशीत स्टिंगच नव्हतं. आता डेंग्यूच्या एनएस२बी३चं काम करायचं तर मी सीगॅस आणि स्टिंग दोन्ही प्लाझ्मिडवरून देते, किंवा ही दोन्ही मुळातच असलेल्या टीएचपी-१ पेशींकडे थेट जाते. व्हेरो पेशी विषाणू वाढवायला उत्तम आहेत, पण त्यांच्यात टाइप-१ इंटरफेरॉनची जनुकंच गळून गेलेली आहेत, त्यामुळे तिथे इंटरफेरॉन मोजायला जाऊ नका. एचयूएच७.५ मध्ये रिग-आय मोडलेलं आहे. हिपॅटायटिस सी तिथे इतका छान वाढण्याचं हे एक कारण मानलं जातं.

पेशी कमी पॅसेजच्या, म्हणजे कमी वेळा नव्या भांड्यात हलवून वाढवलेल्या, असू द्या. दर महिन्याला मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जीवाणूची पीसीआर करा. मायकोप्लाझ्मा शिरलेल्या पेशी दिसायला सुंदर असतात, पण त्यांची उपजत प्रतिकारयंत्रणा आधीच ढवळलेली असते. आणि प्रत्येक पेशीजातीच्या किमान दहा व्हायल द्रव नायट्रोजनमध्ये ठेवा. एका जुलैत हिंदमाताकडचं पाणी आमच्या आवारापर्यंत आलं, तळमजल्याचा मेन स्विच बंद करावा लागला आणि इन्क्युबेटरमधलं सगळं गेलं. नायट्रोजनच्या टाकीला वीज लागत नाही. आठवड्याभरात आम्ही पुन्हा उभे होतो.

आता प्लाझ्मिडं. पहिलं, इंटरफेरॉन-बीटाच्या प्रोमोटरपुढे, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या बटणापुढे, काजव्याचं लुसिफरेज हे उजेड देणारं एन्झाइम. मे महिन्याच्या शेवटी तुम्ही भंडारदऱ्याला काजवे बघायला जाता ना, तोच हा उजेड. फक्त लॅबमधलं जनुक अमेरिकेतल्या फोटिनस पायरॅलिस या काजव्याचं आहे. हाक वरपर्यंत पोचली की हा दिवा लागतो. दुसरं, कायम चालू राहणाऱ्या टीके प्रोमोटरपुढे रेनिलाचं लुसिफरेज. रेनिला हा समुद्रतळावरचा, पोवळ्यांच्या नात्यातला प्राणी. हा दिवा हाकेशी संबंध न ठेवता जळतो आणि वेलमध्ये, म्हणजे प्लेटच्या एका खळग्यात, किती पेशी आहेत, किती प्लाझ्मिड शिरलं, याचा अंदाज देतो. तिसरं, हाक देणारं. त्यासाठी रिग-आयचा फक्त पुढचा, कार्ड नावाचे दोन भाग असलेला तुकडा वापरा. तो विषाणूची वाट न बघता ओरडत राहतो. चौथं, एन्झाइम, धारवालं आणि बोथट. पाचवं, एन्झाइमचं जनुक नसलेला रिकामा व्हेक्टर, आणि तो एन्झाइमच्या प्लाझ्मिडचाच सांगाडा हवा.

इथे एक चूक फार होते. डेंग्यूचं एनएस३ एकटं घातलं तर ते कापत नाही, त्याला एनएस२बीचा आधार लागतो. हिपॅटायटिस सीच्या एनएस३ला एनएस४ए लागतं. कात्रीचं एकच पातं घेऊन "एन्झाइमचा परिणाम नाही" असं लिहिलेला एक प्रबंध मी पाहिला आहे. ती मुलगी वर्षभर राबली होती.

२४ वेलच्या प्लेटमध्ये आदल्या दिवशी दर वेलला दीड लाख पेशी पेरा. दुसऱ्या दिवशी त्या ६०-७० टक्के पसरलेल्या दिसल्या पाहिजेत. दर वेलचा डीएनएचा हिशेब माझा असा: काजव्याचं १०० नॅनोग्रॅम, रेनिलाचं १०, हाक देणारं १००, एन्झाइम ०, ५०, १०० आणि २०० असं चढत, आणि उरलेली जागा रिकाम्या व्हेक्टरने भरून प्रत्येक वेलमध्ये एकूण ४१० नॅनोग्रॅमच. हाक न देणाऱ्या वेलमध्येही १०० नॅनोग्रॅमची जागा रिकाम्या व्हेक्टरने भरा. एकूण डीएनए कमीजास्त झाला की पेशीची चिडचिडही कमीजास्त होते, आणि तुम्ही ती एन्झाइमच्या नावावर मांडता. डीएनए पेशीत शिरवायला पीईआय हे रसायन वापरत असाल तर डीएनएच्या वजनाच्या तिप्पट. पन्नास मायक्रोलिटर बिनसीरमच्या मीडियात मिसळून १५-२० मिनिटं थांबा आणि थेंबथेंब घाला. काजवा आणि रेनिलाचं एकत्र मास्टर मिक्स करा. १० नॅनोग्रॅम वेलवेलला वेगळं पिपेट करायला गेलात तर हात कितीही स्थिर असला तरी आकडे नाचतील. प्रत्येक अट तीन वेलमध्ये, आणि अख्खा प्रयोग तीन वेगळ्या दिवशी. एकाच दिवशीच्या तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत.

२४ तासांनी मीडिया काढा. पेशी धुवायला पीबीएस बफर भिंतीवरून हळू सोडा. २९३टी पेशी तळाला फारशा घट्ट धरत नाहीत, जोराने टाकलंत की पापुद्रा सुटून पिपेटमध्ये येतो. पेशी फोडणारं लायसिस बफर १०० मायक्रोलिटर, १५ मिनिटं हलतं ठेवा. त्यातलं २० पांढऱ्या प्लेटमध्ये, त्यावर काजव्याचं सब्स्ट्रेट १००, वाचा. मग थांबवणारं आणि रेनिलाचं मिश्रण १००, पुन्हा वाचा. लुसिफरेजचा उजेड तापमानाबरोबर बदलतो. पुस्तकात "रूम टेंपरेचर" लिहिलेलं असतं, पण मे महिन्यात आमच्या रीडरच्या खोलीत एसी बंद असेल तर ते ३३ अंश असतं. वाचायच्या तासभर आधी एसी २५ वर लावा, सब्स्ट्रेट त्याच खोलीत आणून ठेवा, आणि ही नोंद तारखेसह वहीत करा.

आकडे आले की सगळे थेट भागाकार करतात: काजवा भागिले रेनिला. मी आधी रेनिलाचे कच्चे आकडे बघायला लावते. समजा हाक न देता काजवा १५,०००, रेनिला ३०,०००, म्हणजे ०.५. हाक दिल्यावर काजवा ३,००,०००, रेनिला ३०,०००, म्हणजे १०. हाक वीसपट झाली. एन्झाइम घातल्यावर काजवा ३०,०००, रेनिला ३०,०००, म्हणजे १. हाक दोनपटीवर उतरली, छान. आता दुसरं एन्झाइम घेतलं आणि काजवा ३०,०००, रेनिला ३,००० आले. भागाकार पुन्हा १०. कागदावर "काही परिणाम नाही". प्रत्यक्षात त्या एन्झाइमने पेशीचं सगळंच दुकान बंद केलं आहे.

असे विषाणू खरोखर आहेत. पोलिओचं २ए प्रोटीएज प्रथिनं बनवायला लागणारं ईआयएफ४जी कापतं आणि पेशीची स्वतःची प्रथिनं बनवणं थांबवतं. गुरांच्या लाळ्या-खुरकुताच्या विषाणूचं लीडर प्रोटीएजही तेच करतं. हर्पीसचं व्हीएचएस आणि इन्फ्लुएंझाचं पीए-एक्स (हे २०१२ मध्ये उजेडात आलं) पेशीचे एमआरएनए तोडतात. तिथे इंटरफेरॉनच नाही, रेनिलाही बनत नाही. मोजण्यासाठी आरटी-पीसीआरकडे वळलात तरी जीएपीडीएच हा तुमचा स्थिर मापदंड तिथे स्थिर राहीलच असं नाही. अशा एन्झाइमसाठी बाहेरून ठरावीक मात्रेचा परका आरएनए नमुन्यात घालून त्याच्याशी तुलना करा.

भागाकार पटला की हाक कुठे तुटते ते शोधायचं, आणि हा मला सगळ्यात आवडणारा भाग आहे. चाळीत मामी गावाला गेल्यात हे कसं कळलं? बाबांनी संध्याकाळी जिन्यात उभं राहून प्रत्येक मजल्यावरून एकेकदा हाक देऊन बघितली. तसंच करायचं. एका ओळीत हाक रिग-आयच्या तुकड्याने द्या, दुसऱ्या ओळीत मॅव्ह्सने, तिसऱ्यात टीबीके१ने, चौथ्यात आयआरएफ३-५डीने, म्हणजे फॉस्फेट चढल्यासारखंच वागणाऱ्या आयआरएफ३ने. हिपॅटायटिस सीचं एनएस३/४ए पहिल्या दोन ओळी विझवतं आणि शेवटच्या दोन तशाच जळत राहतात. म्हणजे तुटण्याची जागा मॅव्ह्स. म्हणूनच आमच्या प्रत्येक प्लेटवर, विषय कोणताही असो, एनएस३/४ए आणि त्याचा एस१३९ए हे ठरलेले कंट्रोल असतात. ते ज्या दिवशी नीट वागत नाहीत, त्या दिवशी बाकीची प्लेट वाचायची नाही.

हाक देणाऱ्या प्लाझ्मिडची मात्रा मात्र बेताची ठेवा. मॅव्ह्स खूप ओतलंत तर कात्री कितीही चपळ असली तरी पुरी पडत नाही, आणि खरा परिणाम हातचा जातो. पॉली आय:सी, म्हणजे विषाणूसारखा कृत्रिम दुहेरी आरएनए, वापरणाऱ्यांनी हेही बघा: मीडियात नुसतं टाकलं तर ते टीएलआर३ या दुसऱ्याच पहारेकरी प्रथिनाला भेटतं, आणि २९३टीमध्ये तो दरवाजा जवळपास नाही. पेशीच्या आत ट्रान्सफेक्ट केलं तरच ते रिग-आय आणि एमडीए५ला सापडतं.

मग वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रथिनं जेलवर आकाराप्रमाणे वेगळी करून अँटिबॉडीने ओळखणं. त्यासाठी जादाच्या वेल आधीच ठेवलेल्या असू द्या आणि त्या थेट गरम एसडीएस बफरमध्ये उतरवून उकळा. प्रोटीएज पेशी फुटल्यावरही कापत राहतं. बर्फावर अर्धा तास ठेवलेल्या लायसेटमध्ये दिसलेला तुकडा जिवंत पेशीत झाला की ट्यूबमध्ये, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

ब्लॉटवर पहिलं बघायचं ते एन्झाइम आणि त्याचा म्युटंट सारख्या मात्रेत बनले आहेत का. बऱ्याचदा बोथट एन्झाइम जास्त बनतं, कारण धारवालं स्वतःला आणि पेशीलाही इजा करतं. तेव्हा प्लाझ्मिडची मात्रा जुळवून दोन्ही बँड सारखे येईपर्यंत पुन्हा करा. आणखी एक बारकावा: एन्झाइमचं प्लाझ्मिड सीएमव्ही प्रोमोटरवर चालत असेल, तर त्यावर हाकेबरोबरच जाग्या होणाऱ्या एनएफ-कॅपा-बी या प्रथिनाच्या जागा आहेत. हाक दिली की एन्झाइमचंच उत्पादन बदलू शकतं. म्हणून हाक दिलेल्या आणि न दिलेल्या, दोन्ही वेलमधलं एन्झाइम तपासा.

दुसरं, सावज कापलं गेलं का. मॅव्ह्स ५४० अमिनो आम्लांचं आहे. हिशेबाने ते ५७ किलोडाल्टनला यायला हवं, पण जेलवर ७५च्या आसपास चालतं. त्याखाली ५०च्या जवळ आणखी एक बँड दिसतो. तो पाहून मुलं आनंदाने माझ्याकडे धावत येतात. तो कापलेला तुकडा नसतो. तो मिनी-मॅव्ह्स, त्याच एमआरएनएवरून, साखळीत नंतर येणाऱ्या मेथिओनीनपासून बनणारं आखूड प्रथिन. एन्झाइम न घातलेल्या लेनमध्येही तो असतो. एनएस३/४ए ५०८व्या सिस्टीनपाशी कापतं, म्हणजे शेवटचा छोटासा भाग उडतो आणि बँड किंचितच खाली सरकतो. तेवढा फरक दिसायला १० टक्क्यांचं जेल सावकाश, तळापर्यंत चालवा आणि पुढच्या, म्हणजे साखळीच्या सुरुवातीच्या, टोकाला चिकटणारी अँटिबॉडी घ्या. तो उडालेला भाग म्हणजे मॅव्ह्सची मायटोकाँड्रियात रुतलेली खुंटी आहे. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली हे जास्त स्वच्छ दिसतं: आधी मॅव्ह्स मायटोकाँड्रियाच्या धाग्यांवर, नंतर पेशीभर विखुरलेलं.

प्रथिन नाहीसं झालं म्हणजे विषाणूच्या एन्झाइमनेच कापलं असंही नाही. मरणाऱ्या पेशीत आपलीच कॅस्पेज नावाची प्रोटीएजं मॅव्ह्स, सीगॅस आणि आयआरएफ३ कापतात. एक लेन कॅस्पेजांना अडवणारं झेडव्हीएडी घालून चालवा. दुसरी एमजी१३२ घालून, प्रोटिएझोमने, म्हणजे पेशीच्या प्रथिनं मोडणाऱ्या यंत्रणेने, नष्ट केलं का ते बघायला; एमजी१३२ तिला अडवतं. डेंग्यूचं एनएस५ हे याचं चांगलं उदाहरण. ते एन्झाइम आहे, आरएनए बनवतं आणि त्याच्या टोकावर मिथाइल चढवतं, पण इंटरफेरॉनचा इशारा शेजारच्या पेशीत पुढे नेणाऱ्या स्टॅट२ला संपवताना ते स्वतः कापत नाही, पेशीच्याच यंत्रणेकडून त्याची विल्हेवाट लावून घेतं. एन्झाइम असणं आणि एन्झाइम म्हणून दाबणं या दोन गोष्टी आहेत.

शेवटची कसोटी सावजाच्या बाजूने. ज्या जागी कात्री लागते ती जागाच बदलायची. मॅव्ह्सचा सी५०८आर म्युटंट हाक नीट देतो, पण एनएस३/४ए त्याला कापू शकत नाही. धारवालं एन्झाइम पेशीत भरपूर आहे आणि तरी दिवा पुन्हा लागला, तर वादाला जागा उरत नाही. रत्नागिरीहून आलेल्या एका मुलीने पहिल्यांदा हे केलं तेव्हा संध्याकाळचे साडेसात झाले होते, बाहेर धो धो पाऊस होता. आकडे बघून ती काही बोललीच नाही, खुर्चीत बसून राहिली. मी तिला चहा आणून दिला आणि आधी रेनिला लिहायला लावलं.

निसर्गाने अशी कसोटी कधी आयतीच ठेवलेली असते. डेंग्यूचं एनएस२बी३ माणसाचं स्टिंग कापतं, हे २०१२ मध्ये दाखवलं गेलं. उंदराचं स्टिंग ते कापत नाही. तेव्हा माणसाच्या आणि उंदराच्या स्टिंगचे दोन प्लाझ्मिड शेजारीशेजारी ठेवा. डेंग्यू साध्या उंदरात नीट वाढत नाही आणि संशोधकांना इंटरफेरॉनचे रिसेप्टर नसलेले एजी१२९ उंदीर वापरावे लागतात, त्याच्या कारणांपैकी हे एक मानलं जातं. माझ्या धाकट्या भावाला डेंग्यू झाला होता तेव्हा ऑक्टोबरमधल्या त्या भरलेल्या वॉर्डात मी तीन रात्री बसून काढल्या. प्लेटलेटचा आकडा येईपर्यंत मनात हाच जिना वरखाली होत होता. आपल्या प्लेटवर उतरलेला उजेड म्हणजे रुग्णाचा आजार नव्हे, हे मला तिथे पुरतं समजलं. पेशीत आपण एन्झाइम खऱ्या संसर्गापेक्षा कितीतरी जास्त भरतो. म्हणून निष्कर्षात "या मात्रेला, या पेशीत" हे शब्द लिहाच.

हाकेच्या जिन्यातली प्रथिनं न कापता दाबणारी एन्झाइमं थोडक्यात सांगते, कारण प्रत्येकाची परीक्षा वेगळी आहे. सार्स-कोव्ह-२ चं पीएलप्रो प्रथिनांवर चढवलेली आयएसजी१५ या छोट्या प्रथिनाची खूण उतरवतं, आयआरएफ३वरचीसुद्धा. २०२०च्या कामातून कळलं की युबिक्विटिन या तशाच दुसऱ्या खुणेपेक्षा त्याला आयएसजी१५ जास्त भावतं. ते पाहायचं तर पेशीत आयएसजी१५ आणि ते चढवणारी तीन प्रथिनं, यूबीए७, यूबीसीएच८, एचईआरसी५, एकत्र द्या. ब्लॉटवर लांब धुरकट पट्टा उमटेल. धारवाल्या पीएलप्रोने तो पुसला जातो, सिस्टीन १११ बदललेल्याने राहतो. इथे बोथट म्युटंटने इंटरफेरॉन थोडंफार कमी केलं तर गोंधळू नका. तो कापत नसला तरी खूण धरून बसू शकतो. गुजरातमधल्या सानंदमध्ये २०११ साली आढळलेल्या क्रायमियन-काँगो तापाच्या विषाणूचं ओटीयू प्रोटीएजही याच घराण्यातलं काम करतं.

काही एन्झाइमं हाक देणाऱ्याला दाबत नाहीत, हाकेचं कारणच लपवतात. लासाच्या न्यूक्लिओप्रोटीनमधलं एक्सोन्यूक्लिएज दुहेरी आरएनए खाऊन टाकतं. कोरोनाचं एनएसपी१५ लांब यू-शेपट्या छाटतं, एनएसपी१६ आरएनएच्या टोपीवर मिथाइल चढवून तो आपल्यातलाच भासवतं. अशांची परीक्षा रिग-आयच्या तुकड्याने होणार नाही, कारण तो आरएनए न बघताच ओरडतो. खरा आरएनए ट्रान्सफेक्ट करा, आणि एनएसपी१६सारख्यासाठी तर संसर्गातच बघावं लागतं. देवी-वर्गातल्या विषाणूंचं पॉक्सिन, २०१९ मध्ये सापडलेलं, थेट सीगॅम्पच तोडतं. तिथे सीगॅम्पचा न तुटणारा नकली प्रकार दिला की हाक पुन्हा पोचते. ही कसोटी करायला सोपी आणि दिसायला फार देखणी.

वेळापत्रक शेवटी, पण ते कामाचं आहे. सोमवारी पेशी पेरा, मंगळवारी ट्रान्सफेक्शन, बुधवारी वाचन, गुरुवार-शुक्रवार ब्लॉट. रविवारी वाचन येईल असं काही लावू नका, मेगाब्लॉकमध्ये दादरला अडकलात तर २४ तासांचे ३० होतात. गणपतीच्या दहा दिवसांत आमच्या भागात येणंजाणं अवघड, आणि अनंत चतुर्दशीच्या आठवड्यात तर पेशी पेरूच नका. त्या दिवसांत बफर बनवा, प्लाझ्मिड वाढवा, आणि हाती असलेला प्रत्येक म्युटंट सीक्वेन्सिंगला पाठवा. एकदा दुसऱ्या प्रयोगशाळेतून आलेल्या ट्यूबवर एस१३५ए लिहिलं होतं. आत मूळ, धारदार एनएस३ होतं. आमचा "बोथट" साक्षीदार तीन महिने हाक दाबत राहिला आणि आम्ही कारणं शोधत राहिलो. तेव्हापासून ट्यूब कुणाकडूनही येवो, १३५वं अक्षर वाचून झाल्याशिवाय ती माझ्या फ्रीजरमध्ये जात नाही.